ज्यात ज्यात माझा आवाज आहे

हसू आधी आलं आणि ते आपल्यालाच आहे हे मागाहून कळलं, असं त्या सकाळी त्याचं झालं. ऑफिसातल्या चहाच्या खोलीत नेहमीची माणसं उभी होती. कुणी खिडकीला टेकलेलं, कुणी यंत्राखाली कागदी पेला धरून. वरच्या मजल्यावरून सगळ्यांच्या गळ्यात आणखी काम पडणार आहे अशी बातमी कुणीतरी आणली, तसा भोंग्याने खिशातून फोन काढला. भोंगा म्हणजे वसुली विभागाचा मुख्य. कुजबुजला तरी दोन खोल्यांपलीकडे ऐकू जायचं म्हणून सगळे त्याला तोंडावरच भोंगा म्हणत आणि त्याला ते आवडे. त्याने बोट टेकवलं आणि फोनमधून एक लहान मूल बोललं, "म-म-म-म-मला... म-मला न-न-नको." खोलीत हशा पिकला. भोंग्याने ते परत वाजवलं. लोक पोट धरून हसले, आणि तोही हसला, कारण चारचौघांत सगळे हसत असताना न हसणारा माणूस लगेच उठून दिसतो आणि उठून दिसणं त्याने आयुष्यभर टाळलं होतं. तिसऱ्या वेळी भोंग्याने ते थांबवलं नाही. मुलाचं बोलणं संपलं, काहीतरी फिरत असल्याची बारीक खरखर झाली, आणि एका पुरुषाचा शांत, अजिबात न रागावलेला आवाज म्हणाला, "हं. पुन्हा."

आपला लहानपणचा आवाज कुणी ओळखत नाही. तो कवटीच्या आतून ऐकलेला असतो. बापाचा आवाज मात्र बाहेरूनच आलेला असतो, तो विसरू म्हटलं तरी विसरत नाही. त्याच्या जिभेचं मूळ एकदम गार पडलं. हातातला पेला वाकडा होऊन चहा बोटांवर सांडला आणि भाजलं, तेही त्याला बऱ्याच वेळाने कळलं. तोंडावरचं हसू तसंच होतं. ते उतरवायचं कसं हे त्याला सुचेना. "आहे कुठलं हे?" त्याने विचारलं. दुसरा कुणी असता तर 'कुठलं आहे हे' म्हणाला असता. तो 'आहे'ने सुरुवात करी, कारण स्वरावरून घसरत आत शिरता येतं आणि 'क'वर पाय अडकतो. असल्या उलट्यापालट्या वाक्यांवरच त्याचा संसार, नोकरी, अब्रू, सगळं उभं होतं आणि आजवर कुणाला त्याची शंकाही आली नव्हती. भोंगा म्हणाला, "अहो, तुमच्याकडे आलं नाही अजून? सगळीकडे आहे. कुठल्याशा विद्यापीठाने जुनं संशोधन सगळं उघडं करून टाकलंय म्हणे, कुणीही या, घ्या, काहीही करा. एकाने त्यातून हे काढलं. गाणंसुद्धा केलंय त्यावर. थांबा, पाठवतो तुम्हाला." आणि त्याने पाठवलं. खिशात फोन थरथरला.

त्याचं काम विमा कंपनीच्या फोनवर बोलणाऱ्या नव्या माणसांना बोलायला शिकवण्याचं. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं तो प्रत्येक वर्गाच्या पहिल्या दिवशी सांगे, आणि 'बोलणाऱ्याचे'मधला 'ब' ओठांतून असा अलगद सोडी की पुढ्यातल्या माणसांना वाटावं, हा माणूस जन्मतःच बोलत आला असेल. त्या दुपारी वर्गात नव्या भरतीतली एक मुलगी 'तक्रार' या शब्दावर अडली. फार नाही, जीभ दातांमागे जरा जास्त वेळ चिकटून राहिली एवढंच. काय करायला हवं हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? श्वास सोडता सोडता शब्दात शिरायचं, अक्षर दाबायचं नाही, त्याला नुसतं शिवायचं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तो पेन हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. ती परत अडली. बाकीचे आपापली नखं बघू लागले. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले आणि ते कुठून कुठे सरकत जातात हे तो बारकाईने पाहत होता, आणि पाहताना त्याला एक विचित्र, स्वच्छ, जवळजवळ सुखाची शांतता वाटत होती. मग तो म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून कागदपत्रांच्या विभागात विचारून बघा. फोन हे तुमचं काम नाही." ती म्हणाली, "सर, मी घरी सराव करते, मला जमेल." "जमणार नाही," तो म्हणाला, आणि हे म्हणताना 'ज' किती सफाईने सुटला याकडेच त्याचं लक्ष होतं.

संध्याकाळी घरी जाताना तो दोन थांबे आधी उतरला आणि चालत राहिला. दुकानांच्या काचांमधून त्याच्याबरोबर चालणाऱ्या माणसाचं तोंड बंद होतं. लहानपणच्या घरातली, तो आवाज जिथे मुद्रित झाला ती खोली त्याला पायऱ्यांपासून आठवू लागली. घराच्या मागच्या अंगाला, खिडकी नसलेली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, म्हणून आत शिरलं की कानांत कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. मधोमध टेबल, त्यावर दोन चाकांचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र, आणि चित्रांचे जाड पुठ्ठे: पतंग, कात्री, मांजर, पूल. वडील वाचेचे संशोधक होते, मुलं तोतरी का होतात यावर त्यांचा अभ्यास होता. आठवड्यातून काही दिवस इतर मुलं आपापल्या पालकांबरोबर समोरच्या दाराने येत आणि जात. त्याला कुठून यायचं नव्हतं. तो तिथलाच होता. ते चित्र उचलत, तो अडखळत नाव सांगे, ते म्हणत, हं, पुन्हा. एरवी त्या घरात वडील वर्तमानपत्रामागे असत, दारामागे असत, जेवताना स्वतःच्या डोक्यात असत. पूर्णपणे, दोन्ही डोळ्यांनी, ते त्याच्याकडे बघत ते फक्त त्या खोलीत. आणि एक गोष्ट त्याच्या फार लवकर ध्यानात आली होती, जी त्याने पुढे कुणालाच सांगितली नाही. एखादा शब्द चुकून सरळ सुटला की वडिलांची नजर ढळायची, पेन खाली जायचं, जणू कुणी दिवा मालवला. अडला, की ते पुढे झुकायचे. जितका जास्त अडेल तितके जास्त जवळ यायचे, इतके की त्यांच्या अंगाचा शाईचा आणि साबणाचा वास यायचा. मग कोणता शब्द खरोखर अडला आणि कोणता त्या वासासाठी, हे त्या मुलालाही पुढे पुढे कळेनासं झालं. 'मला नको' हे चित्राचं नाव नव्हतं. तो कंटाळून, रडकुंडीला येऊन म्हणालेला तो एकच दिवस असावा. तोच नेमका जगाला आवडला.

घरी टेबलावर ताटं मांडलेली होती. बायको म्हणाली, "हातपाय धुऊन या, गरम आहे तोवर," आणि मुलीला म्हणाली, "तूही ऊठ, वह्या आवर." मुलगी जागची न हलता म्हणाली, "म-म-म-मला न-न-नको," आणि मायलेकी एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसल्या. तो दारातच थांबला. "अगं, बाबांना ऐकव ना ते," बायको म्हणाली, "अहो, इतकं गोड पोरगं आहे!" ज्या शब्दाने त्या दिवशी त्याला खरं लागलं तो हा, गोड. लग्नाआधी त्याने बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं आणि नंतर सांगायची गरज पडली नाही. मुलीचं नाव ठेवायच्या वेळी 'अ'ने सुरू होणारंच हवं म्हणून तो हटून बसला तेव्हा तिला ती हौस वाटली होती. आपल्याच पोरीला हाक मारताना अडायला नको, एवढंच ते होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही करून दाखवा. तुम्हाला सगळ्यांच्या नकला येतात." त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण 'नाही'ही त्या घडीला सोपं नव्हतं. त्याने खुर्ची ओढली, मान किंचित वाकडी केली, आणि कित्येक वर्षं कुलपात ठेवलेला तो गळा उघडला. "म-म-म-म-मला," तो म्हणाला, "म-मला..." आणि खालचा जबडा आपोआप एका बाजूला गेला, डोळा मिटला, पायाचा अंगठा चपलेत आवळला, जसा तेव्हा आवळे. मुलीने टाळ्या पिटल्या. "हुबेहूब! आई, बघ ना, हुबेहूब!" बायको हसत होती, मग जराशी हसायची थांबली, मग पुन्हा हसली आणि म्हणाली, "पुरे हं आता, जीभ वळेल अशीच." पुढचं वाक्य म्हणायला त्याला पाणी प्यावं लागलं.

वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहत. कामाची बाई सकाळी येऊन दोन वेळचं करून जाई. सुट्टीच्या दिवशी तो गेला तेव्हा दार उघडंच होतं आणि ते संगणकापुढे कानांवर हेडफोन लावून बसले होते. त्याला पाहताच त्यांनी घाईघाईने ते काढले, काहीतरी बंद केलं आणि पडद्यावर विद्यापीठाच्या संग्रहाचं पान पुढे केलं. "बघ, पहाटेपासून किती लोक येऊन गेले. ज्याचं नावही कुणाला ठाऊक नाही अशा गावातून एक बाई येते रोज. आमच्या वेळी एखादा लेख वाचायचा तर कुणाकुणाच्या पाया पडावं लागायचं, माहितीय? कपाटांना कुलपं. आणि लेख तरी काय, जेवण झाल्यावरचं खरकटं. खरं संशोधन फितींमध्ये असतं, फसलेल्या प्रयोगांत असतं, ते कुणी छापतच नाही. मी सगळं दिलं. जवळ ठेवलं की ते आपलं राहतं, दिलं की सगळ्यांचं होतं." वाकलेल्या पाठीचा, मनगटं वाळलेला तो म्हातारा इतका आनंदात होता की त्याला क्षणभर परत फिरावंसं वाटलं.

"बाबा," तो म्हणाला, "लोक हसताहेत त्याला. ऑफिसात वाजवतात. माझी मुलगी वाजवते."

"हसू देत. हसणाऱ्या शंभरांत एक ऐकणारा निघतो."

"तुम्ही मला विचारलं नाही."

"नाव कुठे आहे तुझं? तिथे तू फक्त एक मूल आहेस." मग ते कौतुकाने म्हणाले, "पण नमुना म्हणून तुझ्यासारखा दुसरा नाही. बाकीची मुलं सहा-आठ महिन्यांत बरी व्हायला लागायची, की संपलं. तुझं सलग मिळालं. वर्षानुवर्षं."

"बाकीची बरी का झाली?"

त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. विद्यार्थ्याने सोपा प्रश्न विचारल्यावर बघतात तसं. "त्यांच्याकडून मी व्यायाम करून घ्यायचो ना. श्वासाचे, ओठांचे. तू तुलनेच्या गटात होतास. उपचारांचा उपयोग होतो हे दाखवायचं तर कुणालातरी उपचाराविना ठेवावं लागतं. परक्याच्या पोराला तसं कसं ठेवणार? ते बरं दिसलं नसतं."

खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. धप्, धप्. त्याला वाटलं, हे मला आधीपासून माहीत होतं. समोरच्या दाराने बाहेर पडणारी मुलं हळूहळू सरळ बोलू लागत आणि मग येईनाशी होत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण तेवढे मठ्ठ, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती आणि तिच्यावरच तो मोठा झाला. "मग मी बोलायला लागलो तो कसा?" त्याने विचारलं, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर एक जुनी, न विझलेली चीड आली. "तुझ्या आईने. स्वयंपाकघरात बसवून तुला चोरून बोलायला लावायची. माझं सगळं नासवलं तिने. शेवटच्या वर्षीचे आलेख काही कामाचे राहिले नाहीत." त्याची शाळा संपायच्या आत आई गेली होती. तिचं स्वयंपाकघर त्याला आठवे ते वाफेसारखं, कडा नसलेलं. पाठीवर एक हात, संथ थापटणारा. त्याला उठून काहीतरी फोडावंसं वाटलं, आणि तो म्हणाला, निदान म्हणायला गेला, "बाबा, तुम्ही म-म-म..." आणि थांबला. शब्द पुढे येईना. जबडा एका बाजूला गेला. तीस वर्षांचं बांधकाम एका अक्षरावर खाली आलं. तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा होता आणि समोर वडील हळूहळू पुढे झुकत होते. त्यांचे डोळे चमकले. त्यांचा हात, त्याच्यावरची नजर न काढता, टेबलावर फोन चाचपत होता. सापडला. त्यांनी तो चालू करून त्याच्या दिशेने सरकवला, आणि अगदी मायेने म्हणाले, "थांबू नकोस. बोल. मोठेपणी परत आलेलं असं कुणाकडेच नाही."

तो जिना उतरला. मागे वडील काही बोलत होते, त्यांतला 'डोकं थंड झालं की ये' एवढाच भाग ऐकू आला.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संग्रहाचं काम पाहणारी बाई तळघरातल्या उजेडाच्या खोलीत बसत होती. केस पिकलेले, गळ्यात दोरीला चष्मा, बोलण्यात घरच्यासारखी लगबग. नुसता बघायला आलेला वाटून तिने त्याला उत्साहाने फिरवलंच. "पूर्वी आम्ही पुस्तकं आणि लेख तेवढे ठेवायचो. आता काय काय येतं विचारू नका. एकाने पुलांवरच्या गंजाचे फोटो आयुष्यभर काढले, ते. एका नर्तकीने म्हातारपणी शरीर कसं बदलतं ते स्वतः नाचून चित्रित केलंय, ते. ही आंधळ्या माणसांची स्वप्नं, त्यांच्याच तोंडून. सगळं संशोधनच की हो. आणि सगळं खुलं. कुठलं कुणाच्या कधी उपयोगी पडेल, सांगता येतं का?" त्याने वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा ती फुलली. "सरांचा संग्रह! फिती अगदी चिकटून गेल्या होत्या, एकदाच कशाबशा चालवल्या आणि मग टाकूनच द्याव्या लागल्या. पण आवाज वाचले."

"त्यातलं एक मूल मी आहे," तो म्हणाला. "माझं काढून टाका."

बाई खुर्चीत बसली. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, मग परत उतरवला. "बसा ना," ती म्हणाली. "हक्क आहे तुमचा. तेव्हा तुम्ही लहान होतात, संमती वडिलांची होती. आता तुम्ही म्हणाल तसं. पण एकदा सांगते. तो तुकडा जो फिरतोय ना, तो आमच्या हातात नाही. खुलं म्हणजे खुलंच. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे ते राहणार. इथलं काढून हसणारे थांबणार नाहीत."

"माहीत आहे."

"आणि दुसरं. ज्यांना त्याचा खरा उपयोग आहे ते बिचारे इथेच येतात. एक आई आहे, फार लांब राहते. तिचा मुलगा तसाच बोलतो. ती त्याला तुमचं ऐकवते आणि सांगते, बघ, तू एकटा नाहीस. तिने कळवलं होतं मला. शिकणारी मुलं आहेत, ती यावरून अडणं ओळखायला शिकतात. त्यांचंच तेवढं जाईल."

त्याला ती दूरची आई दिसली आणि तिच्या मांडीला टेकलेला तो मुलगाही दिसला. दिसला आणि त्याच्याबद्दल काही वाटलं नाही. आपल्या वेळी कुणी कुठलं मूल आणून ऐकवलं होतं? "चालेल," तो म्हणाला.

"अहो, पण मग मिळणार काय तुम्हाला?"

"माझे वडील रोज तिथेच बघतात," तो म्हणाला.

बाईने मान खाली घातली. मग कोरड्या आवाजात, कामापुरतं, तिने विचारलं, "एखादं विशिष्ट काढायचं, की...?" "ज्यात ज्यात माझा आवाज आहे ते सगळं." "एकदा ऐकून तरी घ्या. इथेच बसून. सहभागी माणसाच्या सांगण्यावरून काढलं की आम्ही आमच्याकडेही ठेवत नाही, पुसून टाकतो. नियमच आहे तसा." "ऐकायचं नाही मला," तो म्हणाला. सगळी वाक्यं एकापाठोपाठ एक सरळ, तुळतुळीत सुटली. बाहेर पडून रस्ता ओलांडताना त्याला भूक लागल्याचं कळलं. चहाच्या खोलीतल्या त्या सकाळपासून त्याला नीट भूक अशी लागलीच नव्हती. तो एका दुकानात उभ्याने भरपूर जेवला.

वडिलांचा फोन येईल आणि ते ओरडतील, याची तो वाट पाहत होता. ओरडण्याला द्यायची उत्तरं त्याने चालता-बोलता घोटून ठेवली, प्रत्येक स्वराने सुरू होणारं. फोन आला तो आठवडा उलटल्यावर आणि वडील एवढंच म्हणाले, "वेळ झाला की येऊन जा." तो त्याच संध्याकाळी गेला. संगणक चालू होता, पण त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली होती. दाढी वाढली होती. कामाच्या बाईने झाकून ठेवलेलं ताट सकाळपासून तसंच असावं.

"तूच ना?" ते म्हणाले.

"हो."

"मला सांगायचंस."

"असं तुम्ही मला सांगायला हवं होतं," तो म्हणाला. हे त्याने घोटलेलं होतं.

त्यांनी हात हलवला, माशी वारावी तसा. "खोलीतलं गेलं त्याचं काही नाही. ते कुठेही मिळेल. लोकांनी घेऊन ठेवलंय, परवाच एकाकडे सगळं सापडलं. शेवटी एक कप्पा होता, तो कुणीच घेतला नव्हता. तो गेला."

"कसला?"

"स्वयंपाकघरातला." वडील खिडकीबाहेरच बघत होते. "माझे आकडे बिघडायला लागले तेव्हा कशाने बिघडताहेत ते कळायला हवं होतं. मी डब्यांच्या मागे मायक्रोफोन लपवून ठेवला, त्याची तार खोलीतल्या यंत्राला. तिला ठाऊक नव्हतं. महिना-दोन महिने असेल. बाहेरचा हस्तक्षेप, म्हणून शेवटी जोडून दिलं होतं. त्यात कुणाला काय ऐकायचंय? भांडी वाजताहेत, ती तुझ्या पाठीवर हात मारतेय आणि बोलतेय. तुझंही आहे त्यात, म्हणून तेही तुझ्याच हिशेबात गेलं."

त्याला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. मग समजलं. मग समजत राहिलं, पायांपासून वर, गार पाणी चढावं तसं. आईचा दुसरा कुठलाच आवाज कुठे नव्हता. त्या काळी घरात यंत्र एकच होतं आणि ते कामाचं होतं. "तुमच्याकडे नसेल का एखादी प्रत?" त्याने विचारलं. "मी ठेवत नाही," वडील म्हणाले, "तुला माहीत आहे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते मी सोडून कुणी ऐकत नव्हतं."

त्याने तिथेच उभं राहून ग्रंथालयाला फोन लावला. बाई अजून जागेवर होती. त्याने विचारलं ते तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये तो दोनदा अडला, तेव्हा तिने वाक्य पुरं करून दिलं नाही, थांबली. मग ती म्हणाली, "नाही हो. त्याच दिवशी पुसलं. मी म्हटलं होतं तुम्हाला, एकदा ऐका." तिचा आवाज कठोर नव्हता, म्हणूनच त्याला तो सोसवेना. भोंग्याने पाठवलेलं ते त्याच फोनमध्ये होतं, मुलीच्या फोनमध्ये होतं, हजारो खिशांमध्ये होतं. ते जाणार नव्हतं. आई तेवढी गेली होती, आणि तिला घालवायला जाताना त्याची एकदाही जीभ अडली नव्हती.

खोलीत काळोख होत आला होता, पण दिवा लावायला कुणी उठलं नाही. "ती कशी बोलायची?" वडिलांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता संशोधक नव्हता, की होता, हे त्याला ठरवता येईना. "तू समोर बसायचास. तुझ्या तोंडून करून घ्यायची. 'पाणी' म्हणायची तो शब्द कसा म्हणायची? तुला नकला येतात म्हणे. म्हणून दाखव."

तो त्यांच्या पायांशी, जमिनीवर बसला. डोळे मिटले. पाठीवरचा हात आठवायचा प्रयत्न केला, आणि हात आला, नुसता हात. भांड्यांचा आवाज आपण आताच ऐकलेल्या वर्णनातून आणतोय हेही त्याच्या लक्षात आलं. त्याने आवाज हलका केला, बायकी केला, पहिलं अक्षर लांबवून, दम सोडत म्हटलं. मग आणखी हलक्याने, वेगळ्या सुरात, म्हटलं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "ही तू नवीनच कुणीतरी केलीस." आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.